मोटारीचे टायर : रनफ्लॅट की साधे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी परदेशी बनावटीची एक वापरलेली मोटार घेतली होती. तिचे चारही टायर आता झिजत आले होते. विक्रेत्याने दोन किमती सांगितल्या : एक रनफ्लॅट टायरांची, दुसरी त्याच मापाच्या साध्या टायरांची. पहिली दुसरीहून पुष्कळच अधिक होती. गाडीत मुळात स्टेपनी नाही, आणि ती बसावी अशी खाचही डिकीच्या तळाशी नाही. कारण कारखान्यातून ती रनफ्लॅट टायरांवरच निघाली होती. बाईंना महिन्यातून दोन वेळा वृद्ध वडिलांना औषधोपचारासाठी छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूरला न्यावे लागते आणि परतीच्या वाटेवर बहुधा रात्र होते. “तुम्ही यंत्रशास्त्र शिकवता, तेव्हा तुम्हीच सांगा, कोणते घेऊ?” असे त्यांनी विचारले.

प्रश्न बाजारहाटाचा दिसतो खरा. परंतु उत्तर लिहावयास बसल्यावर त्यात पदार्थविज्ञान, अभियांत्रिकीचा इतिहास आणि आपल्या रस्त्यांची स्थिती या तिन्ही गोष्टी गुंतल्या आहेत असे आढळून आले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यातील काही भाग उपयोगी वाटेल, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने मांडीत आहे.

आरंभ टायर वजन कसे पेलतो येथून केला पाहिजे. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव आपल्या अंगच्या ताठरपणाने भार पेलते; मोटारीचा टायर तसे करीत नाही. त्याच्या अंगी असलेला ताठरपणा भाराचा अल्प अंशच उचलतो; उरलेला जवळजवळ सर्व भार आतली दाबलेली हवा उचलते. बाईंच्या गाडीचे माप २२५/४५ आर १७ असे आहे. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच. माणसांसह गाडीचे वजन १,६०० किलोग्रॅम धरले, तर एका चाकावर सुमारे ४०० किलोग्रॅम, म्हणजेच ३,९२४ न्यूटन इतका भार येतो. आत २३० किलोपास्कल दाब असल्यास हा भार तोलण्यास सुमारे १७० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ जमिनीला टेकले पाहिजे. बोटांसह पसरलेला तळहात साधारण एवढाच असतो. चार तळहातांवर सबंध गाडी उभी असते, आणि वळणे, ब्रेक व पावसाळ्यातील निसरडा रस्ता यांचा सगळा व्यवहार तेवढ्याच जागेत चालतो.

आता हवा निघून गेली असे समजू. साध्या टायरची बाजूची भिंत मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. तिला दाबाचा आधार नाहीसा होताच ती दुमडते, आणि रिमची कड व रस्ता यांच्यामध्ये चेंगरली जाते. अशा स्थितीत किलोमीटर-दीड किलोमीटर गाडी रेटली, तर एरवी दहा मिनिटांत दुरुस्त झाला असता तो टायर कायमचा निकामी होतो. रनफ्लॅट टायरच्या प्रचलित प्रकारात या बाजूच्या भिंतीच्या आत चंद्रकोरीच्या आकाराची जाड रबरी पुस्ती घातलेली असते. हवा असताना ही पुस्ती भाराचा थोडाच वाटा घेते. हवा गेली की ती दाबली जाऊन खांबासारखी उभी राहते आणि गाडीला तोलून धरते. शिवाय हवेचा दाब नसताना वळणावर टायरची कड रिमवरून निसटून मधल्या खोल भागात पडू नये यासाठी रिमवरील उंचवटाही किंचित वाढविलेला असतो. टायर आणि रिम यांचा विचार एकत्र करावा लागतो तो यामुळे.

युरोपच्या आर्थिक आयोगाच्या ३० क्रमांकाच्या नियमावलीत अशा टायरची व्याख्या आहे : हवा नसताना ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर अंतरापर्यंत ज्याला टायरची मूलभूत कार्ये पार पाडता येतात तो रनफ्लॅट टायर. मापाच्या ओळीत ‘आर’ या अक्षराऐवजी ‘आरएफ’ अशी खूण दिसली म्हणजे तो या वर्गातील समजावा. विक्रेते ८० किलोमीटरांचा हा आकडा अभयदानासारखा सांगतात. त्याच्या मागे काय आहे हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

रबर वाकवून सोडले असता ते पूर्वस्थितीला येते, परंतु वाकविताना घातलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. ताण आणि विकृती यांचा आलेख जाताना एका वाटेने जातो आणि येताना दुसऱ्या वाटेने येतो. दोन वाटांमध्ये जे क्षेत्र सापडते तितकी ऊर्जा दर फेऱ्यागणिक उष्णता होऊन राहते. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. बाईंच्या गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदास ११ वेळांहून अधिक फिरते, आणि ८० किलोमीटरांत सुमारे ४१ हजार फेरे होतात. हवा नसलेल्या टायरच्या बाजूचा प्रत्येक बिंदू ४१ हजार वेळा खोलवर वाकतो आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता मागे ठेवतो. रबर उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे ती बाहेर निघण्यास वेळ लागतो. तापमान चढत जाते, रबर मऊ पडते, मऊ पडल्याने अधिक वाकते आणि अधिक वाकल्याने आणखी तापते. या दुष्टचक्राला आरंभ होऊन टायर फाटण्यापर्यंतचा जो अवधी, त्यातून सुरक्षिततेचे अंतर वजा करून हा आकडा आलेला आहे. वेग वाढविला, गाडी भरगच्च भरली, किंवा वैशाखातल्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवरून ती नेली, तर अवधी कमी होणार हे उघड आहे. ज्यांना ८० किलोमीटर हे वचन वाटते, त्यांनी ते एका विशिष्ट परिस्थितीतील मापन आहे हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगाची आणि अंतराची मर्यादा वेगळी दिलेली असू शकते. तीच प्रमाण मानावी.

ही कल्पना आजची नव्हे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ साली घेतले, आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली बेलफास्ट येथे तीच गोष्ट पुन्हा शोधून व्यवहारात आणली. तेव्हापासून पंक्चर हे मोटारीच्या पाचवीलाच पुजलेले आहे. आपल्या तोंडी असलेला ‘स्टेपनी’ हा शब्दही या इतिहासाचाच अवशेष होय. वेल्समधील लॅनेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आरे नसलेली, फुगविलेला टायर चढविलेली एक कडी विकण्यास सुरुवात केली. त्या काळच्या मोटारींची चाके सहज काढता येत नसत. म्हणून पंक्चर झालेल्या चाकाला ही कडी बाजूने जखडून गाडी पुढे हाकीत. इंग्लंडात हा शब्द केव्हाच मागे पडला. हिंदुस्थानात मात्र तो कोणत्याही जादा चाकाचे नाव होऊन बसला. मौज अशी की मूळ स्टेपनी ही चाक न काढता पुढे जाण्याची युक्ती होती. रनफ्लॅटने स्टेपनीला हटविले असे आपण म्हणतो, पण आद्य स्टेपनीचे काम आणि रनफ्लॅटचे काम एकच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन प्रयत्न बोधप्रद आहेत. डनलॉप कंपनीने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘डेनोव्हो’ नावाचा टायर पुढे आणला. त्याच्या आत वंगणाच्या लहान कुप्या बसविलेल्या असत. हवा गेली की त्या फुटत, वंगण आत पसरे, दुमडलेल्या रबराचे घर्षण कमी होई आणि छिद्रही काही अंशी बुजे. रोव्हर आणि मिनी या ब्रिटिश मोटारींच्या काही नमुन्यांवर तो मिळत असे. यंत्र म्हणून कल्पना चतुर होती; परंतु त्यासाठी वेगळ्या घडणीची रिम लागे. पुढे मिशलिन कंपनीने ‘पॅक्स’ नावाची रचना केली. हिच्यात रिमभोवती एक आधारकडे असे आणि हवा गेल्यावर टायर त्या कड्यावर टेके. तांत्रिक दृष्टीने ती उत्तम होती असे म्हणावयास हरकत नाही. पण तिच्यासाठी रिम निराळी, टायर निराळा आणि तो चढविण्याचे यंत्रही निराळे लागे. ते यंत्र थोड्याच दुकानांत असल्यामुळे अमेरिकेतील मोटारमालक बदली टायरसाठी अडून राहू लागले, आणि २००० नंतरचे दशक संपण्यापूर्वीच कंपनीने या रचनेचा पुढील विकास थांबविला. डेनोव्हो काय, पॅक्स काय, दोन्ही रस्त्यावर चालत होत्या. गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत मात्र त्या चालल्या नाहीत.

जाड भिंतीचा, स्वतःच्या बळावर उभा राहणारा टायर टिकला तो मुख्यतः तो सामान्य रिमवर बसतो म्हणून. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीवर १९९४ साली गुडइयरचे असे टायर वैकल्पिक म्हणून मिळू लागले, आणि २००५ च्या सुमारास बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या तिसऱ्या श्रेणीच्या मोटारींवर ते सर्रास बसविले. त्याच कंपनीच्या वेगासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘एम’ वर्गातील गाड्यांवर मात्र साधे टायर आणि सोबत दुरुस्तीचा संच देण्याची पद्धत राहिली. ज्या गाडीत चालकाला रस्ता हातात जाणवणे महत्त्वाचे, तेथे उत्पादकानेच रनफ्लॅट टाळला ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

असे का, हे दोन स्प्रिंगांच्या उदाहरणाने समजते. टायरमधील हवा ही एक स्प्रिंग आणि बाजूची भिंत ही दुसरी. दोन्ही समांतर जोडलेल्या आहेत. समांतर स्प्रिंगांच्या ताठरतेची बेरीज होते. साध्या टायरमध्ये दुसरी स्प्रिंग दुबळी असते. रनफ्लॅटमध्ये ती बलवान केली की हवा पूर्ण असतानाही एकूण ताठरता वाढते. वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी लागणारी पुस्ती रोजच्या प्रवासातही आपले अस्तित्व जाणवून देते : रस्त्याच्या सांध्यांवर, गतिरोधकांवर आणि खड्ड्यांत. पुस्तीने थोड्या दबाला निमूट राहावे आणि मोठ्या दबालाच जागे व्हावे, हे टायर घडविणाऱ्यांचे खरे कसब. पहिल्या पिढीतील रनफ्लॅटांच्या मानाने अलीकडचे टायर या बाबतीत पुष्कळ सुधारलेले आहेत हे मान्य केले पाहिजे. परंतु जे रबर टायरला चिकटलेले आहे ते पूर्णपणे निमूट राहणे शक्य नाही.

वजनाचाही विचार येतो. त्याच मापाचा रनफ्लॅट टायर साध्या टायरपेक्षा बहुधा किलो-दोन किलोंनी जड असतो. स्टेपनी, जॅक आणि पाना काढून टाकल्याने पंधरा-वीस किलो वाचतात, तेव्हा हिशेब फायद्याचाच झाला, असे कोणी म्हणेल. बेरजेपुरते ते खरे आहे. पण स्टेपनी असते गाडीच्या स्प्रिंगांच्या वर, आणि टायर असतो खाली. खालचे वस्तुमान प्रत्येक उंचवट्याबरोबर वरखाली नाचते. त्याला आवरण्याचे काम स्प्रिंग व शॉक-अब्सॉर्बर यांना करावे लागते. चाकातील एक किलो आणि डिकीतील एक किलो यांची किंमत म्हणूनच सारखी धरता येत नाही.

खड्ड्यांविषयी मते टोकाची ऐकू येतात. कोणी म्हणतो रनफ्लॅट खड्ड्यात फुटत नाही. कोणी म्हणतो त्याने रिम तडकते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. धारदार काठाच्या खड्ड्यात चाक आदळले की साध्या टायरची बाजू रिम आणि काठ यांत चिमटली जाऊन आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगवटा दिसू लागतो. जाड पुस्तीमुळे हे चिमटणे कमी होते. परंतु आघाताची ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. टायर कमी दबला, तर तीच ऊर्जा कमी अंतरात शोषली जाते. साहजिकच बलाचे शिखर उंच होते आणि ते रिमला सोसावे लागते. मिश्रधातूच्या रिमला अशा वेळी तडा जाऊ शकतो. टायरची बाजू जितकी उथळ, तितका हा धोका अधिक. ज्यांचा निम्मा प्रवास खराब रस्त्यावर होतो त्यांनी रनफ्लॅट की साधा या वादाच्या आधी, उत्पादकाने त्याच गाडीसाठी लहान रिमचे आणि उंच बाजूचे माप मान्य केले आहे काय, हे पाहावे. माझ्या मते बहुतेकांना त्या एका बदलाने अधिक लाभ होईल.

आता या टायरचा जो दोष मला सर्वांत गंभीर वाटतो त्याकडे वळतो. तो त्याच्या गुणातूनच निघतो. साधा टायर बसला की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग जड होते, फडफड ऐकू येते. ही सूचना अप्रिय खरी, पण ती सूचना आहे. रनफ्लॅट हवा गेल्यावरही उभाच राहतो; म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला किंवा चालकाला काही कळत नाही. ज्याला कळले नाही तो ताशी १२० च्या वेगाने जात राहील आणि ८० किलोमीटरांची शिदोरी वीस किलोमीटरांतच संपवील. यासाठी दाबदर्शक यंत्रणा नसलेल्या गाडीवर रनफ्लॅट बसवू नयेत असे उत्पादक बजावून सांगतात, आणि तो इशारा गांभीर्याने घेतला पाहिजे.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकाच्या आत लहान संवेदक असून तो प्रत्यक्ष दाब मोजतो आणि बिनतारी संदेशाने कळवितो. दुसरीत दाब मोजलाच जात नाही. ब्रेकयंत्रणेतील चक्रगतिमापकांवरून, कोणते चाक इतरांहून किंचित जलद फिरत आहे याचा अंदाज घेतला जातो, कारण हवा कमी झालेल्या चाकाची प्रभावी त्रिज्या थोडी घटते. ही दुसरी पद्धत स्वस्त व टिकाऊ आहे. पण चारही चाकांची हवा सारख्याच प्रमाणात हळूहळू कमी झाली, तर तुलनेला आधार राहत नाही आणि तिची केवळ तुलनेवर चालणारी जुनी रूपे फसतात. पहिल्या पद्धतीतील संवेदकाची बॅटरी काही वर्षांनी संपते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने दिवा पेटत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. यंत्रणा जिवंत आहे म्हणून दिवा विझलेला आहे, की यंत्रणाच मृत आहे, हे तपासून घ्यावे. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या नोव्हेंबरपासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली.

येथे थोडे विषयांतर करून एका रूढ समजुतीविषयी सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. सुशिक्षितही ती पाळतात. वायुनियमानुसार २७ अंश सेल्सिअसवर २२० किलोपास्कल दाखविणारा टायर ३७ अंशांवर सुमारे २३१ दाखवील. म्हणजे दहा अंशांमागे वाढ ११ किलोपास्कलांच्या आसपास, दीड पौंडांहून थोडी अधिक. चांगल्या टायरला ही वाढ अगदी क्षुल्लक आहे. थंड टायरचा नेमलेला दाब ती गृहीत धरूनच ठरविलेला असतो. उलट हवा कमी ठेवली की बाजू अधिक वाकते, आणि वर वर्णिलेले हिस्टेरेसिसचे चक्र हवा असतानाच सुरू होते. काँक्रीटच्या द्रुतगती मार्गावर तासन् तास वेगाने धावणाऱ्या टायरचा घात दाबाच्या आधिक्यापेक्षा दाबाच्या उणिवेने अधिक वेळा होतो. नायट्रोजन भरल्याने हा नियम बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि जुनाट, तडे गेलेला किंवा आतून धागे तुटलेला टायर वेगात फाटला, तर रनफ्लॅटची पुस्तीही त्याचे सांगाडेपण टाळू शकत नाही. पुस्ती हवा जाण्यावरचा उपाय आहे, टायर मोडण्यावरचा नव्हे.

दुरुस्तीच्या बाबतीत आपल्या परिस्थितीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. महाराष्ट्रात तालुक्याच्या कोणत्याही नाक्यावर ट्यूबलेस टायरचा पंक्चर काढणारा सापडतो. ट्रेडमध्ये घुसलेला खिळा उपटून, छिद्रात चिकट दोरी भरून तो दहा-पंधरा मिनिटांत गाडी मार्गाला लावतो. शास्त्रशुद्ध दुरुस्ती टायर उतरवून आतून ठिगळ लावल्यानेच होते हे खरे; तरी या कारागिरांचे जाळे ही आपल्या रस्त्यांवरील मोठीच सोय आहे. रनफ्लॅटमध्ये खिळा वेळीच दिसला आणि हवा फारशी गेली नसली, तर दुरुस्ती तशीच होते. परंतु तो हवेविना चालविला गेला असेल, तर पुस्तीचे आतून किती नुकसान झाले ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून अनेक उत्पादक अशा टायरची दुरुस्ती करू नये असे सांगतात. काही जण तपासणीनंतर परवानगी देतात. त्यातच ताठ बाजूंमुळे हा टायर रिमवरून उतरविण्यास साहाय्यक बाहू असलेले यंत्र लागते. लोखंडी पहारीने काम करणाऱ्या लहान दुकानात त्याला हात न लावू देणे बरे. साध्या टायरवर जो खिळा शे-दोनशे रुपयांत निभावतो, तोच रनफ्लॅटवर सबंध टायर घेऊन जाऊ शकतो.

बाईंच्या मार्गावर हे सारे लावून पाहिले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा २०२२ च्या डिसेंबरात आणि शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. अशा मार्गावर रात्री कडेला थांबून चाक बदलणे हे पंक्चरपेक्षाही धोक्याचे काम होय. मागून येणाऱ्या गाडीला उभी गाडी दिसून तिचा वेग आवरेपर्यंत फार थोडा वेळ मिळतो. रनफ्लॅटचा खरा लाभ येथे आहे. दोन इंटरचेंजांमधील अंतर ८० किलोमीटरांहून पुष्कळ कमी असल्याने तो टायर गाडीला महामार्गाबाहेर, उजेडात, माणसांत नेऊन सोडील यात संशय नाही.

परंतु घरी नेऊन सोडील काय? कारंजा किंवा मेहकरच्या परिसरात हवा गेली, तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही ८० किलोमीटरांच्या पलीकडे आहेत. मध्यल्या गावात साधा टायर दुरुस्त होईल, कदाचित त्या मापाचा नवाही मिळेल. रनफ्लॅट तेथे मिळण्याची आशा ठेवू नये. परदेशी टायरांच्या आयातीवर २०२० च्या जूनमध्ये निर्बंध आल्यानंतर तर काही मापे मोठ्या शहरांतही मागवून घ्यावी लागली. थोडक्यात, रनफ्लॅटने पहिला तास सुरक्षित होतो आणि दुसरा दिवस अडचणीचा होतो. साध्या टायरचे नेमके उलट आहे.

साधे टायर घ्यावयाचे, तर रिम बदलण्याची गरज नाही. वाढीव उंचवट्याच्या रिमवर साधा टायर चालतो. भारनिर्देशांक व वेगचिन्ह मूळच्या टायरइतकेच किंवा वरचे असावे. चारही टायर एकदम बदलावेत. एका आसावर एक रनफ्लॅट व एक साधा असा संकर कदापि करू नये, कारण दोन बाजूंची ताठरता भिन्न झाल्याने वळणावर गाडीचे वर्तन बिघडते. गाडीचे स्प्रिंग ताठ टायर धरून जुळविलेले असल्यामुळे साध्या टायरांवर ती किंचित सैल वाटेल, पण बहुतेकांना ते सुखावहच होते. उरतो प्रश्न राखीव साधनाचा. केंद्र सरकारने २०२० च्या जुलैत मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असल्यास स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली. हा संच म्हणजे छिद्र बुजविणाऱ्या द्रवाची बाटली आणि लहान पंप. ट्रेडमधील चार ते सहा मिलिमीटरांपर्यंतच्या छिद्रापुरता तो उपयोगी पडतो. बाजू चिरली तर व्यर्थ. बाटलीवर मुदतीची तारीख असते आणि ती कोणी पाहत नाही. त्याहून निश्चित उपाय म्हणजे डिकीत आडवी टाकलेली खरी स्टेपनी. पण मग सामानाची जागा जाते, आणि जॅक लावून चाक बदलण्याइतके बळ व सवय चालकाच्या अंगी असावी लागते.

माझे स्वतःचे मत साध्या टायरांच्या बाजूने होते आणि मी ते बाईंना तसे सांगितले. ज्या प्रदेशात दुरुस्ती सर्वत्र मिळते आणि खड्डेही सर्वत्र मिळतात, तेथे मऊ, स्वस्त आणि सहज बदलता येणारा टायर, सोबत स्टेपनी आणि चालू स्थितीतील दाबदर्शक, हा संसार अधिक समंजस आहे असे मला अद्यापही वाटते. शहरात आणि घाटमाथ्यावरच्या गावांत हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला मी दुसरा सल्ला देणार नाही.

बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले आणि रनफ्लॅटच घेतले. त्यांचे म्हणणे असे : दुसऱ्या दिवशी टायर मिळाला नाही, तर गाडी तेथे ठेवून भाड्याच्या गाडीने पुढे जाता येईल, पैसे जातील, पण रात्री अकरा वाजता मागच्या आसनावर ऐंशी वर्षांचे वडील असताना महामार्गाच्या कडेला जॅक लावण्याची वेळ त्यांना एकदाही नको आहे. मी सरासरी प्रवासाचा हिशेब मांडला होता. त्यांनी एका विशिष्ट रात्रीचा मांडला. त्यांच्या हिशेबात मला चूक काढता आली नाही. फक्त एक अट मी घातली, ती त्यांनी मानली : दर पंधरवड्याला, गाडी थंड असताना, स्वतःच्या दाबमापकाने चारही चाके तपासावयाची. पहिल्याच तपासणीत मागच्या डाव्या चाकात हवा चार पौंडांनी कमी निघाली. व्हॉल्व्हचे रबर जुने होते. बाहेरून पाहता चारही टायर सारखेच दिसत होते.